नेपोलियन बुटका नव्हता, इंच वेगळा होता

लक्ष्मी रोडवर शिंप्याकडे माप देताना भाच्याची उंची भरली पाच फूट दोन इंच. "म्हणजे आमचा नेपोलियन!" बाकावरचे काका म्हणाले. पोरगं हिरमुसलं.

काका, नेपोलियन बुटका नव्हता हो. १८२१ साली सेंट हेलेना बेटावर तो वारला, तेव्हा शवविच्छेदनात उंची पाच फूट दोन इंचांच्या किंचित वर नोंदली गेली, हे खरं. पण तो जुना फ्रेंच इंच, सुमारे २.७१ सेंटिमीटरचा. इंग्रजी इंच २.५४ चा. शिंप्याची टेप उलटून सेंटिमीटरच्या बाजूने धरली तर नेपोलियनचा आकडा जातो १६८ च्या आसपास, म्हणजे चांगला साडेपाच फूट! त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत ही उंची चारचौघांसारखीच.

बाकीचं काम इंग्रजी व्यंगचित्रांनी केलं. जेम्स गिलरेने त्याला थयथयाट करणारं, भल्यामोठ्या टोपीतलं कार्टं करून टाकलं. (शत्रूचं चित्र शत्रूच्याच हातून, मग काय!) शिवाय सैनिक त्याला लाडाने 'छोटा कॉर्पोरल' म्हणत. त्यातला 'छोटा' जिव्हाळ्याचा. आपल्याकडे साठीतल्या गृहस्थालाही बाळासाहेब म्हणतात, तसा.

शिंप्याने पँटला दुमड मात्र दोन इंच जास्तच ठेवली. वाढत्या अंगाचं पोर.