घाटावरची बचत आणि ‘निळी’ गुंतवणूक

बेळगावकरांना समुद्र परका नाही. घाट उतरला की वेंगुर्ला, गोवा, कारवार. रेल्वे येण्याआधी इथल्या व्यापाऱ्यांचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याच्या बंदराला जायचा. 1880 च्या दशकात मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रूळ आले, तिथून पुढे लोंढ्यामार्गे देशाच्या रेल्वेला जोडले गेले, आणि वेंगुर्ल्याचे दिवस फिरले.

माल घाट उतरला, बचत मात्र उतरली नाही. ती सोनं, जमीन, भिशी आणि सोसायटी यांतच राहिली. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा. पुढच्याच वर्षी कणगिनहाळला सोसायटी उभी राहिली. हे गाव आता गदग जिल्ह्यात असलं तरी तेव्हा आपल्यासारखंच मुंबई इलाख्यात होतं. ही परंपरा सीमाभागात इतकी मुरली आहे की ठेव ठेवताना माणूस आधी चेअरमन कोण ते विचारतो, व्याजदर नंतर. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, ही गोष्ट मात्र क्वचितच कुणी विचारतं.

‘ब्लू इकॉनॉमी’, म्हणजे समुद्र राखून चालवायची सागरी अर्थव्यवस्था, हा शब्द ऐकू येण्याच्या खूप आधी समुद्रातल्या नफ्याची जाहिरात देशभरातल्या लहान गुंतवणूकदारांपर्यंत पोचली होती, कोळंबीच्या रूपाने. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोळंबी निर्यातीचं गणित फार सोपं दिसत होतं: किनाऱ्यालगत तळी खणायची, खाद्य टाकायचं, काही महिन्यांत डॉलर. मत्स्यशेतीच्या कंपन्यांनी भराभर पब्लिक इश्यू काढले. पण दाटीने वाढवलेल्या कोळंबीला रोग लवकर लागतो. 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरची तळी ओस पाडली. तोवर खारं पाणी शेतांत आणि विहिरींत मुरलं होतं. तमिळनाडूतले गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर 1996 मध्ये न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली औद्योगिक कोळंबी शेती हटवण्याचा आदेश दिला. 2005 मध्ये संसदेने वेगळा कायदा करून नोंदणीच्या अटीवर तिला पुन्हा वाट दिली. आज भारतातून जाणाऱ्या मासळीत मूल्याने सर्वांत मोठा वाटा कोळंबीचाच आहे. धंदा टिकला, त्या वेळच्या कित्येक कंपन्या टिकल्या नाहीत.

समुद्राला ‘शाश्वत’ हा शब्द जोडला जाण्याची गोष्ट वेगळीच आहे. 1982 च्या सागरी कायदा कराराने किनारी देशांना 200 सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर हक्क दिला. भारताने तो 1995 मध्ये मान्य केला. बेल्जियमचे उद्योजक गुंटर पाउली यांनी 2010 मध्ये ‘ब्लू इकॉनॉमी’ हे नाव रूढ केलं तेव्हा त्यांच्या डोक्यात मुख्यतः टाकाऊतून उत्पादन काढणारे उद्योग होते. 2012 च्या रिओ परिषदेत छोट्या बेटांच्या देशांनी ते समुद्राकडे ओढून नेलं. 2018 मध्ये सेशेल्सने जगातला पहिला सार्वभौम निळा रोखा, म्हणजे समुद्राशी निगडित कामांसाठी सरकारने काढलेला कर्जरोखा, काढला, दीड कोटी डॉलरचा. तो घेतला तीन मोठ्या संस्थांनी. सामान्य माणसाला त्यात जागाच नव्हती.

भारतात 2020 मध्ये नील अर्थव्यवस्थेच्या धोरणाचा मसुदा आला. त्याच वर्षी 20,050 कोटींची मत्स्य संपदा योजनाही आली. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने 2023 मध्ये हरित (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या) रोख्यांच्या व्याख्येत निळे रोखे घातले. कंपन्यांच्या काही रोख्यांची दर्शनी किंमत आता 10,000 रुपयांपर्यंत खाली आली आहे, म्हणजे दार किलकिलं झालं आहे. तरी प्रत्यक्षात डिमॅट उघडलेला तरुण समुद्राच्या नावाखाली घेतो ते जहाजबांधणीचे शेअर. कोचीन शिपयार्डचा शेअर 2017 मध्ये 432 रुपयांना बाजारात आला, माझगाव डॉकचा 2020 मध्ये 145 ला. नफा झाला असेल तर आनंद आहे, पण माझगाव डॉक मुख्यतः युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतं. त्याला शाश्वत सागरी विकास म्हणणं मला तरी जमत नाही.

बंदरांचंही तसंच. ‘बेळगाव, कारवार, निपाणीसह’ ही घोषणा आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. त्यातल्या कारवारच्या मच्छीमारांनी आधी सीबर्ड नौदल तळासाठी किनारा सोडला, आणि जानेवारी 2020 मध्ये केंद्राच्या ‘सागरमाला’ या बंदरविकास योजनेखालच्या बंदर विस्ताराविरुद्ध ते रस्त्यावर उतरले. विस्तार झाला तर उरलेल्या किनाऱ्यावर होड्या लावायला आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जागा राहणार नाही, ही त्यांची भीती. बंदराचा शेअर घेणाऱ्याला ताळेबंदात ही गोष्ट दिसत नाही. निळ्या रोख्याच्या बाबतीत निदान एवढं आहे की पैसा कुठे खर्च झाला, हे कंपनीला दरवर्षी जाहीर करावं लागतं. चेअरमनची चौकशी करणाऱ्या आपल्या माणसाने अहवालातला तो खर्चाचा भाग आधी उघडावा. व्याजदर पहिल्या पानावर असतोच.