एका मिलिमीटरचं भांडण: गुदाशयाचा कॅन्सर, दुर्बीण आणि रोबोट

गुदाशयाच्या, म्हणजे रेक्टमच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की मोठ्या शहरांत हल्ली घरच्यांपुढे प्रश्न येतो: दुर्बिणीतून करायचं की रोबोटनं? रोबोटचं बिल जास्त, त्यामुळे प्रश्न आधी पैशाचा वाटतो. सर्जन मंडळी मात्र गेली कित्येक वर्षं एका मिलिमीटरवरून भांडतायत, आणि ते भांडण समजायला रोबोटच्या बरंच मागे जावं लागतं.

आधी जागा बघू. गुदाशय ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या नरसाळ्यात बसलेला असतो. मागे माकडहाड. पुढे पुरुषांत मूत्राशय आणि प्रोस्टेट, बायकांत गर्भाशय आणि योनी. कडेनं लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा. पुरुषांचं नरसाळं अरुंद, त्यात पेशंट जाड असेल तर विचारायलाच नको. पोट पूर्ण उघडलं तरी तळाशी नीट दिसेलच असं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाठ खालून, गुदद्वाराच्या बाजूनं काढत. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी तशा केलेल्या आपल्या ५७ ऑपरेशनांचा हिशोब मांडला, तर ५४ जणांत कॅन्सर परत आला होता. स्वतःचं अपयश इतक्या उघडपणे छापणारे सर्जन तेव्हाही थोडेच असणार. १९०८ मध्ये त्यांनी वरून पोट उघडून आणि खालूनही जाऊन सगळा भाग काढण्याची पद्धत मांडली. जीव वाचण्याची शक्यता वाढली, पण पोटावर शौचासाठी कायमची पिशवी आली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यांनी गुदद्वार राखून आतडं पुन्हा जोडण्याचे आपले निकाल प्रसिद्ध केले. पुढे आतडं टाचून जोडणारे स्टेपलर आले आणि अगदी खालचा जोडही आवाक्यात आला.

तरीही कॅन्सर त्याच जागी परतत होता. कारण सापडलं इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक नावाच्या गावात. बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की गुदाशयाभोवती चरबीचं आणि लसिकाग्रंथींचं एक वेष्टन असतं, मेसोरेक्टम, आणि त्यावर एक पातळ पापुद्रा. कॅन्सरच्या पेशी या वेष्टनातच दडून राहतात. नागपुरी संत्रं सोलताना सालीच्या आतला पांढरा जाळीदार थर जपला, तर फोड फुटत नाही, तसंच काहीसं. हाताने ओढून-खेचून गुदाशय उपटण्याऐवजी, डोळ्यांना दिसेल अशा बेतानं, त्या पांढऱ्या तंतूंमधून कापत जायचं आणि वेष्टन अखंड बाहेर काढायचं. हील्ड यांच्या पेशंटांत त्या जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं.

याच सुमारास, १९८६ मध्ये, लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिलिप क्वर्क यांनी काढलेल्या भागाकडे बघण्याची रीत बदलली. बाहेरून शाई लावायची, पावासारख्या आडव्या चकत्या करायच्या आणि कॅन्सर शाईपासून किती लांब आहे ते मोजायचं. अंतर एक मिलिमीटर किंवा कमी असलं, तर कड ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे आत कॅन्सर मागे राहिल्याची भीती. भांडणातला मिलिमीटर तो हा.

दुर्बीण आली पित्ताशयातून. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी. लवकरच मोठ्या आतड्याचीही ऑपरेशनं सुरू झाली. पित्ताशयासाठी सरळ, लांब दांड्यांची हत्यारं पुरतात. नरसाळ्याच्या तळाशी मात्र दांडी हाडाला अडते, टोक वळत नाही, सर्जनचा हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जातं, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, तोही चौथ्या तासाला थकलेल्या.

ब्रिटनच्या ‘क्लासिक’ नावाच्या चाचणीत (२००५) गुदाशयाच्या ३४ टक्के पेशंटांत दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं. गुदद्वार राखून केलेल्या ऑपरेशनांत कड पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२ आणि उघड्या ऑपरेशनात ६ टक्के होतं. आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही, पण धास्ती बसली. २०१५ मध्ये गोंधळ शिगेला पोचला. मुख्यतः युरोपातल्या १०४४ पेशंटांच्या ‘कलर-२’ चाचणीत तीन वर्षांनी कॅन्सर त्या भागात परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतली एक आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली एक अशा दोन चाचण्यांनी मात्र, काढलेल्या भागाच्या दर्जावरून, दुर्बीण उघड्या ऑपरेशनापेक्षा कमी नाही हे सिद्ध होत नाही, असा निकाल दिला.

रोबोटचं म्हणणं सोपं होतं: ही अडचण दांडीची आहे, मी मनगट देतो. दा विंची यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. रोबोट हा शब्द खरं तर दिशाभूल करणारा, कारण ते स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन टेबलापासून दूर कन्सोलवर बसतो, त्रिमितीय मोठं चित्र बघतो, कॅमेरा स्वतःच हलवतो. हत्यारांची टोकं मनगटासारखी वळतात, हाताची थरथर गाळली जाते. पण ऊती किती ताणली जातेय हे हाताला कळत नाही, ते डोळ्यांनी ओळखायला शिकावं लागतं.

पहिली मोठी परीक्षा म्हणजे ‘रोलार’ चाचणी. दहा देश, ४७१ पेशंट, निकाल २०१७ चा. पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ आणि दुर्बिणीत १२.२ टक्के, पण तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. वेळ जास्त, खर्च जास्त. टीकाकारांना मुद्दा मिळाला. रोबोटवाल्यांनी सांगितलं की सर्जनांचा दुर्बिणीचा हात मुरलेला होता, रोबोटचा नव्हता. पळवाट वाटली तरी त्यात तथ्य होतं.

मग चीनमधल्या ११ केंद्रांची ‘रिअल’ नावाची चाचणी आली. यात गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातलेच, म्हणजे नरसाळ्यात खोल असलेले कॅन्सर घेतले होते; माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. २०२२ मध्ये कड पॉझिटिव्ह रोबोटमध्ये ४ टक्के, दुर्बिणीत ७.२. २०२५ मध्ये तीन वर्षांचा निकाल आला: त्या भागात कॅन्सर परतला रोबोटच्या १.६ टक्के आणि दुर्बिणीच्या ४ टक्के पेशंटांत.

दा विंचीची मक्तेदारीही आता सैल होतेय. केंब्रिजच्या कंपनीचं वर्सियस हे यंत्र माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं ते २०१९ मध्ये पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात. मंत्रा हे भारतीय यंत्रही बाजारात आहे. दुसरीकडे, आपल्याकडे अनेकांचं हे ऑपरेशन आजही पोट उघडूनच होतं. रिअल चाचणीत तो गटच नव्हता.