दहा-शून्य : दारुण पराभवाचं शेपूट

नोव्हेंबर २०१६ उजाडला तेव्हा मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे चाहते हवेत होते. आइस हॉकीतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पहिल्या दहा सामन्यांपैकी नऊ संघाने जिंकले होते. उरलेला एक सामनाही निर्धारित साठ मिनिटांत गमावला नव्हता, पुढे लांबल्यावर निसटला होता. मग ४ नोव्हेंबरला संघ ओहायोमधल्या कोलंबस शहरात खेळायला गेला आणि १०-० असा हरून आला.

अशा निकालानंतर चाहते जे बोलतात ते जगभर सारखंच असतं. सुरुवातीचे विजय फसवे होते, संघाचं खरं रूप आता दिसलं, गोलरक्षक हाकला, प्रशिक्षक बदला. आपल्याकडची हॉकी बर्फावरची नसली तरी सूर ओळखीचा आहे. २५ जुलै २०२१ला टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्याच सामन्यात भारत ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा हरला, तेव्हा पदकाची आशा सोडणाऱ्यांची कमी नव्हती. त्याच संघाने ५ ऑगस्टला जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी पदक आणलं.

या सगळ्यामागे एक समज असतो. एका गोलने हरणारा संघ थोडा कमी, तर दहा गोलने हरणारा संघ दहापट वाईट. गोलफरक म्हणजे जणू ताकद मोजायची फूटपट्टी. ही फूटपट्टी मधल्या भागात बऱ्यापैकी चालते. टोकाला गेलं की दगा देते, आणि का देते ते गणिताने नेमकं सांगता येतं.

त्या हंगामात एनएचएलमध्ये एक संघ सामन्याला सरासरी पावणेतीन गोल करत होता. सामना साठ मिनिटांचा, म्हणजे ३,६०० सेकंदांचा. कुठल्याही एका सेकंदात गोल होण्याची शक्यता साधारण तेराशेत एक. घटना दुर्मीळ, पण ती घडायच्या संधी हजारो. अशा घटनांसाठी फ्रेंच गणिती सिमेओँ-देनी प्वासाँ याने १८३७ साली मांडलेलं वितरण, म्हणजे घटना किती वेळा घडण्याची किती शक्यता ते सांगणारं सूत्र वापरतात. त्याची गाजलेली परीक्षा १८९८ची आहे. लाडिस्लाउस बोर्टकिएविच याने प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांची नोंद तपासली. दहा तुकड्या, वीस वर्षं, एकूण १२२ मृत्यू. दोनशे तुकडी-वर्षांपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीनमध्ये तीन आणि एकाच वर्षी एकाच तुकडीत चार. आकडे प्वासाँच्या सूत्राशी जवळजवळ तंतोतंत जुळले. त्या चार मृत्यूंच्या तुकडीतले घोडे अधिक द्वाड होते असं मानायला काही आधार नव्हता. दोनशे नोंदी घेतल्या की एखाद्या ठिकाणी चार पडायचेच.

हेच सूत्र हॉकीला लावू. सरासरी पावणेतीन असेल तर एका सामन्यात एकही गोल न होण्याची शक्यता ६.४ टक्के निघते. दोन गोलांची २४, तीन गोलांची २२ टक्के. सात किंवा अधिक गोलांची सव्वादोन टक्के. दहा किंवा अधिक गोलांची फक्त ०.०६ टक्के. हा शेवटचा आकडा नगण्य वाटतो. पण तेव्हा लीगमध्ये ३० संघ होते, प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे दहा गोल करायच्या २,४६० संधी. गुणाकार केला की हंगामात एक-दोनदा कुणीतरी कुणाला तरी दहा गोल मारणार असं निघतं. त्याच सामन्यात दुसऱ्याला शून्यावर रोखायचं म्हटलं तर साधारण अकरा हंगामांतून एकदा. आणि हे सगळे तीसही संघ अगदी एकसारखे आहेत असं धरून.

आता खरी गंमत. वितरणाच्या या टोकाला संख्याशास्त्रात शेपूट म्हणतात, आणि शेपटाचा एक गुण सहज ध्यानात येत नाही. मधल्या भागात छोटासा बदल केला तर तो छोटाच राहतो, शेपटात मात्र तो कित्येक पटींनी फुगतो.

समजा गोलरक्षकावर चाळीस शॉट आले आणि त्यातला प्रत्येक अडवण्याची त्याची शक्यता ९१ टक्के आहे. एनएचएलसाठी तेव्हा ही सर्वसाधारण पातळी होती. सरासरीने ३.६ गोल होतील. दहा किंवा अधिक होण्याची शक्यता द्विपदी वितरणाने, म्हणजे प्रत्येक शॉटचे अडला किंवा गोल असे दोनच निकाल धरून काढली तर ०.२४ टक्के येते, म्हणजे सव्वाचारशेत एक. आता ९१ ऐवजी ८८ टक्के धरा. सरासरी ३.६ वरून ४.८ वर जाते, सव्वा गोलाचा फरक. बघणाऱ्याला तो कळणारही नाही. पण दहा गोल खाण्याची शक्यता १.७५ टक्क्यांवर जाते, म्हणजे सत्तावन्नात एक. सरासरी तिसऱ्या हिश्शाने वाढली आणि शेपूट सातपट. कारण दहापर्यंत पोचायला वाढलेली शक्यता दहा वेळा गुणली जाते. ०.१२ भागिले ०.०९ म्हणजे १.३३, आणि त्याचा दहावा घात जवळपास १८. उलट बाजूला तीस शॉट अडायचे असतात. त्यांची शक्यता घटल्यामुळे बेरीज सातपटीवर थांबते, नाहीतर अठरापटीला गेली असती. घातांकाशी फारसं सख्य नसेल तर एवढंच धरून चला : दारुण पराभवात थोडा कमकुवतपणा आणि बरंच दुर्दैव एकत्र येतात, आणि फलकावर मात्र सगळा कमकुवतपणाच दिसतो.

हे तीन टक्के जातात कुठे? इथे परगावचा सामना आणि वेळापत्रक येतात. कॅनेडियन्सचा पुढचा सामना दुसऱ्याच दिवशी घरी फिलाडेल्फियाशी होता. लागोपाठ दोन रात्री सामने असले की बहुतेक प्रशिक्षक एक पहिल्या गोलरक्षकाला देतात, एक दुसऱ्याला, आणि दुसऱ्याच्या वाट्याला बहुधा परगावचा येतो. त्यामुळे कोलंबसमध्ये पहिला गोलरक्षक कॅरी प्राइस विश्रांतीवर होता आणि जाळ्यासमोर अल माँटोया उभा होता. दहाही गोल त्याच्याच खाती जमा झाले. सामना हातचा गेल्यावर प्राइसला उतरवून काही मिळणार नव्हतं आणि उद्याचा गोलरक्षक दमला असता. हाच माँटोया ऑक्टोबरात पिट्सबर्गविरुद्ध, म्हणजे तेव्हाच्या विजेत्या संघाविरुद्ध एकही गोल न देता ४-० जिंकून आला होता. तेव्हा तो कुणाला महान वाटला नव्हता, हे बरंच झालं. तीस शॉटांच्या एका सामन्यात अडवण्याचं प्रमाण केवळ योगायोगाने पाच टक्के वर-खाली होतं. हजार शॉट झाले तरी एक टक्क्याच्या आसपास अनिश्चितता उरते, आणि चांगला व सर्वसाधारण गोलरक्षक यांच्यातला फरकही साधारण तेवढाच असतो. एका रात्रीवरून गोलरक्षक जोखणं म्हणूनच निरर्थक आहे.

परगावच्या संघाला आणखी एक अडचण नियमानेच दिलेली असते. खेळ थांबला की पाहुण्यांनी आधी खेळाडू बदलायचे. मग पंच हात वर करतो, पाहुण्यांचे बदल बंद होतात आणि यजमानांना त्यांचे खेळाडू पाहून आपले निवडायची मुभा मिळते. त्यामुळे यजमान प्रशिक्षक आपली सर्वोत्तम फळी पाहुण्यांच्या सर्वात कमकुवत बचावजोडीसमोर आणू शकतो. त्यात पक, म्हणजे खेळायची चकती, स्वतःच्या अर्ध्या भागातून थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावला, म्हणजे आयसिंग झालं, तर चूक करणाऱ्या संघाला खेळाडू बदलताच येत नाहीत. एका पाळीत खेळाडू बर्फावर पाऊण मिनिटाच्या आसपास असतो. दीड मिनिट अडकून पडलेले पाच जण दमतात, दमलेला माणूस काठी अडकवतो, की दोन मिनिटांची शिक्षा. समोरच्याला एक खेळाडू जास्त, तोच पॉवर प्ले. त्यात पाचातून एकदा गोल होतो आणि गोलरक्षकाचं अडवण्याचं प्रमाण ८७-८८ टक्क्यांवर उतरतं. वरच्या हिशेबातले तीन टक्के इथे कुठेतरी सापडतात.

गोल एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात हे प्वासाँचं गृहीतक इथे थोडं ढळतं, हे मान्य केलं पाहिजे. चार गोलने मागे पडलेला संघ धोके पत्करतो, बचावपटू पुढे ढकलतो, मागे मोकळी जागा सुटते. उलट आघाडीवरचा संघ बहुतेक वेळा आक्रमण आवरतं घेतो. दोन परिणाम एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात, म्हणून सूत्र ढोबळमानाने चालतं. ‘मोमेंटम’ नावाची कुठली वेगळी शक्ती त्यात घुसवायची गरज पडत नाही, समालोचक तिच्याबद्दल कितीही बोलले तरी.

मग एवढ्या मोठ्या पराभवानंतर संघाबद्दलचं मत किती बदलावं? याची एक सोपी रीत आहे. संघाच्या प्रत्यक्ष निकालांत काल्पनिक, अगदी सरासरी असे सामने मिसळायचे. किती मिसळायचे ते त्या खेळात योगायोगाचा वाटा किती यावर ठरतं. एनएचएलसाठी साधारण ३५ ते ४० धरतात. आपण ३६ घेऊ, निम्मे जिंकलेले म्हणजे १८. सामन्यात कुणीतरी जिंकतोच, बरोबरी नसते, त्यामुळे निम्मा हिशेब चोख बसतो. कोलंबसला जायच्या आधी मॉन्ट्रियल : १० पैकी ९ विजय. मिसळून ४६ पैकी २७, म्हणजे ५८.७ टक्के. कोलंबसनंतर : ४७ पैकी २७, ५७.४ टक्के. दहा गोलांचा डोंगर कोसळला आणि अंदाज हलला जेमतेम सव्वा टक्क्याने. नव्वद टक्के विजयांवर हवेत गेलेल्यांसाठीही इथे उत्तर आहे. पराभवात दुर्दैव शोधणारा चाहता नऊ विजयांत सुदैव मात्र शोधत नाही.

हंगाम संपला तेव्हा कॅनेडियन्सनी ८२ पैकी ४७ सामने जिंकले होते. टक्केवारी ५७.३. १०३ गुणांसह संघ अटलांटिक विभागात पहिला आला. अंदाज इतका तंतोतंत बसला तो योगायोग. पाच टक्के इकडेतिकडे पडला असता तरी रीत बरोबरच ठरली असती. (कोलंबसच्या संघानेही त्या हंगामात लागोपाठ १६ सामने जिंकले, म्हणजे हरवणारेही कुणी लेचेपेचे नव्हते.)

वरच्या रीतीत फक्त जय-पराजय मोजला, गोलफरक नाही. गोलफरकात जास्त माहिती असते हे खरंच, पण दहाव्या गोलात पहिल्याइतकी नसते. सामन्याची आकडेवारी हाती आली की जाणकार आधी दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असतानाचे शॉट पाहतात. तिथे फरक थोडा असेल आणि गोलफरक प्रचंड, तर बराचसा वाटा गोलरक्षणाचा आणि नशिबाचा. मग शॉट कुठून आले ते बघतात. जाळ्यासमोरच्या पट्ट्यातून झालेला शॉट आणि लांबच्या निळ्या रेषेवरून मारलेला शॉट यांच्या गोल होण्याच्या शक्यतेत कित्येक पटींचा फरक असतो. शेवटी शिक्षा किती मिनिटांच्या, गोलरक्षक कोण, आदल्या रात्री सामना होता का. जाळ्यासमोरून आलेले शॉट सामन्यामागून सामना दुप्पट होत असतील तर काळजी करायला हवी, मग निकाल ३-२ का असेना.

हे न पाहता सुचणारे उपाय ठराविक असतात. न धुतलेली जर्सी घालून सामना बघणं हा निरुपद्रवी. दारुण हारीनंतर दुसऱ्या दिवशी पक न देता खेळाडूंना नुसतं पळवायचं हा प्रशिक्षकांचा आवडता. पुढचा सामना बरा जातो आणि श्रेय शिक्षेला मिळतं. पण दहा गोल खाल्ल्यावर पुढचा सामना बरा जाण्यावाचून दुसरं होणार तरी काय? टोकाच्या निकालानंतरचा निकाल सरासरीकडे झुकतो. साडेसाती उतरवणारे अंगारे-धुपारेही याच भांडवलावर चालतात : माणूस त्यांच्याकडे जातो तो सगळ्यात वाईट दिवशी. कॅनेडियन्स दुसऱ्याच रात्री फिलाडेल्फियाला ५-४ हरवून मोकळे झाले.

याच क्लबने एकदा एका दारुण हारीनंतर टोकाचा निर्णय घेऊन पाहिला होता. २ डिसेंबर १९९५ला घरच्याच बर्फावर डेट्रॉइटने त्यांना ११-१ हरवलं. गोलरक्षक पात्रिक रुआला नऊ गोल होईपर्यंत बदललं नाही. एक सोपा शॉट अडवल्यावर प्रेक्षकांनी कुत्सित टाळ्या वाजवल्या. चारच दिवसांत त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. समोरचा डेट्रॉइट त्या हंगामात ६२ सामने जिंकून विक्रम करणार होता, आणि स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, १९९६च्या जूनमध्ये रुआच्या कोलोरॅडोने उचलला.

२०१६च्या नोव्हेंबरात प्रशिक्षक मिशेल तेरियँ टिकले, पण १४ फेब्रुवारी २०१७ला त्यांनाही नारळ मिळाला. तेव्हा संघ विभागात पहिलाच होता. ५८ सामन्यांत ३१ विजय, म्हणजे ५३ टक्के. त्यांच्या जागी आलेल्या क्लोद ज्युलियाँ यांच्या हाताखाली उरलेल्या २४ पैकी १६ जिंकले, ६७ टक्के. फरक १३ टक्क्यांचा दिसतो. एवढ्या कमी सामन्यांत निव्वळ योगायोगानेच बारा टक्क्यांचं अंतर सहज पडतं, त्यामुळे नवा प्रशिक्षक जास्त चांगला होता की नाही हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.