लिनक्स टाकलं की वायफाय बंद पडतं?

'लिनक्स टाकू नका, नेट चालत नाही, ड्रायव्हर हुडकत बसावं लागतं.' लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल, सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पूर्वी अशी अडचण खरंच यायची, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

आता बहुतेक वायफाय आणि लॅन कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच असतात, वेगळी सीडी लागत नाही. अडतात ती मोजकी कार्डं, उदाहरणार्थ ब्रॉडकॉमची काही जुनी, कारण त्यांचा ड्रायव्हर कर्नलबाहेरून घ्यावा लागतो.

खात्री स्वतःच करा. लिनक्स मिंटचा (हा लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह तयार करून मशीन त्यावरूनच सुरू करा. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत हार्ड डिस्कमधलं काही हलत नाही. खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह दिसेल. त्यात घरच्या राउटरचं नाव आलं आणि पासवर्ड टाकून जोडलं गेलं, की प्रश्न मिटला.

नाही आलं तर? विश्रामबागेत मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर मला हेच दिसलं. फोन डेटा केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून मशीनला देणं) चालू केलं, नेट लगेच आलं. मिंट इन्स्टॉल केल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर निवडला, मशीन रीस्टार्ट केलं. केबल काढली तरी नेट चालूच होतं.