बॅकअप घेतलाय, पण ठेवलाय कुठे?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, तळमजले बुडाले, आणि पाणी ओसरल्यावर दुरुस्तीला जे कॉम्प्युटर बाहेर निघाले त्यात एक गोष्ट परत परत दिसत होती. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप घेतलेला होता. पण पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधे, नाहीतर एक्स्टर्नल हार्ड डिस्क मागच्या कपाटात खालच्या कप्प्यात, म्हणजे मशीन आणि बॅकअप दोन्ही एकाच चिखलात. ही माणसं निष्काळजी नव्हती हो, नियमाने कॉपी मारणारी होती, फक्त ती कॉपी राहते कुठे हे बघायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बुडालेल्या हार्ड डिस्कचं नक्की काय होतं ते बघूया, कारण इथे बरेच जण घाईत उरलासुरला डेटाही घालवून बसतात. डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारतात आणि वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, ते हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, आता पुराच्या गाळातला एक कण तिथे गेला तर काय होईल ते बघा. आणि जातोच तो, कारण बहुतेक डिस्कना आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असतं, त्याला फिल्टर असतो पण तो धुळीसाठी, पाण्यासाठी नाही. गंमत अशी की डेटा चुंबकीय खुणांच्या रूपात लिहिलेला असतो आणि त्या खुणा पाण्याने धुतल्या जात नाहीत. डेटा मरतो तो नंतर, आपण "चालू होते का बघू" म्हणून वायर जोडतो तेव्हा. हेड गाळावरून घासत जातं आणि थर खरवडून निघतो. म्हणून भिजलेली डिस्क चालू करायची नाही, उन्हात ठेवायची नाही, तांदळात पुरायची नाही. गाळ वाळला की चकतीला घट्ट चिकटतो. तशीच ओलसर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडे पाठवायची. खर्च भरपूर येतो आणि हमी कोणी देत नाही, म्हणून ती वेळच येऊ नये हे बघायचं.

पेन ड्राइव्हचं वेगळं. त्यात फिरणारं काही नाही, बारीक बारीक कप्प्यांमधे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. ते वर्षानुवर्षं हळूहळू गळतात आणि उष्णतेत जास्त वेगाने गळतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला पेन ड्राइव्ह काय सोसतो याचा विचार करा. वर आपली खारी दमट हवा, तिने पिनांना गंज चढतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, तेवढा काळ एकाच पेन ड्राइव्हच्या भरवशावर काढू नका, मधेमधे नव्या वस्तूवर कॉपी करत राहा.

मग करायचं काय? पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम आहे, डेटाच्या एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या जागी. कोकणात यातला शेवटचा १ सगळ्यात महत्त्वाचा असं माझं ठाम मत आहे. आणि दुसरी जागा म्हणजे वरचा मजला नाही, शेजारचं दुकानही नाही. ज्या नदीचं पाणी तुमच्याकडे येतं त्या पाण्याच्या बाहेर. दुकान महाडच्या बाजारात असेल तर डिस्क पुण्याला बहिणीकडे ठेवा, गणपतीला ती येईल तेव्हा बदलून घ्या.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर फाईल ठेवायची सोय, असताना ही कटकट कशाला, असं विचारतात. क्लाउड घ्याच, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली भागात कितीतरी दिवस लाईट नव्हती आणि नेटवर्कही नव्हतं, तेव्हा क्लाउडवरची फाईल सुरक्षित असून हाताशी नव्हती. दुसरी, फोल्डर आपोआप सिंक होतो म्हणजे बॅकअप झाला असं नाही. इथे फाईल खराब झाली की तिथेही खराब होते. गूगल ड्राइव्हमधे डिलीट केलेली फाईल ट्रॅशमधे ३० दिवस असते, पुढे गेली.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला, मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर गेले आणि न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कोणाला कुठे लॉगिन करू द्यायचं हे सांभाळणारे मर्स्कचे साधारण १५० सर्व्हर होते, सगळे एकमेकांशी सिंक, एक गेला तर बाकीचे आहेतच या हिशेबाने. पण सगळे एकाच वेळी पुसले जातील हे कोणाच्या हिशेबात नव्हतं, आणि तसंच झालं. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हताच! त्याच्यातल्या डेटावरून पुढची उभारणी झाली, सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी त्यांना नव्याने बसवावे लागले.

त्यामुळे बॅकअपची डिस्क कायम मशीनला लावून ठेवू नका. कॉपी झाली की काढा. वळवाच्या पावसात वीज पडून व्होल्टेज उसळतं तेव्हाही ज्या डिस्कला वायर नाही तीच वाचते.

क्लाउडवर पहिल्यांदा चढवताना मात्र धीर धरा. ५०० जीबी डेटा आणि १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडचा वेग धरला तर अखंड साडेचार दिवसांच्या वर लागतात, आणि आपल्याकडे अखंड काही चालत नाही. एकदा चढलं की पुढे फक्त बदललेला भाग जातो. म्हणून सुरुवात पावसाळ्याच्या आधी करा, आणि आधी हिशेब, बिलं, जमिनीचे कागद, घरचे जुने फोटो, मग बाकीचं. सिनेमे नाही चढवले तरी चालेल.

आणि बॅकअपमधून परत आणून बघा. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, गेल्या वर्षीचं एखादं बिल उघडा, रक्कम जुळते का बघा. "बॅकअप सक्सेसफुल" असा मेसेज आला म्हणजे फाईल उघडतेच असं नाही. बाहेरगावी ठेवायच्या डिस्कला पासवर्ड लावा, त्यात गिऱ्हाइकांचे नंबर आणि बँकेची माहिती असते. तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाकडे द्या, पण कागद डिस्कच्या पिशवीत टाकू नका आणि दुकानातही ठेवू नका.