फोन घ्यायला येताना आईला, वडिलांना सोबत आणा

शनिवारी दुपारी आमच्या दुकानात हमखास दिसणारी गोष्ट. पुण्या-मुंबईहून गावी आलेला मुलगा येतो आणि म्हणतो, "वडिलांसाठी साधासा, दणकट फोन द्या, उद्या परत निघायचंय." दहा मिनिटांत फोन घेतला जातो, सिम बदललं जातं, विषय संपतो. पंधरा दिवसांनी तेच वडील एसटीने एकटे येतात. आवाज नीट येत नाही, फोटो गेले, ते हिरवं व्हॉट्सअ‍ॅप कुठेतरी गायब झालंय. फोन उघडून पाहावा तर बिघाड काहीच नसतो. त्यांच्या हाताचा, कानाचा, डोळ्यांचा विचार मात्र फोन घेताना कुणी केलेला नसतो.

ही चूक मी माझ्या घरीही केली आहे. दुकान सुरू केल्यावर पहिल्याच दिवाळीला वडिलांना दुकानातला सगळ्यात भारी फोन दिला. त्याच्या काचेच्या कडा वळलेल्या होत्या. हातात धरला की तळवा कडेला लागायचा आणि भलतंच काहीतरी उघडायचं. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. दोन महिन्यांनी तो फोन कपाटात टॉवेलात गुंडाळलेला सापडला, आणि खिशात त्यांचा जुना बटणांचाच फोन होता. पैसे वाया गेल्याचं वाईट वाटलं नाही. फोन घेण्याआधी आपण त्यांना एकदाही विचारलं नाही, याचं वाईट वाटलं. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे.

मुळात स्मार्टफोन हवा का?

वडिलांना फक्त बोलायचं असेल आणि स्क्रीनची आवड नसेल, तर चांगला फोर-जी बटणांचा फोन घ्या. बँकेचे ओटीपी त्यावरही येतात, बॅटरी कित्येक दिवस पुरते. नुसत्या बोलण्यासाठी इंटरनेटचं रिचार्ज मारायचीही गरज नाही. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावे लागतात. ते मागून घ्या, दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

नातवंडांना व्हिडिओ कॉलवर बघायचं असेल, अभंग-कीर्तन ऐकायचं असेल किंवा पेन्शनचा हयातीचा दाखला घरून द्यायचा असेल, तर मात्र स्मार्टफोन घ्याच. जीवन प्रमाणचा, म्हणजे सरकारचा हा ऑनलाइन हयातीचा दाखला २०२१ पासून चेहरा दाखवूनही देता येतो. त्यासाठी अंगठा टेकवायचं यंत्र लागत नाही, पण फोनचा कॅमेरा स्वच्छ दिसणारा हवा. शेतात राबलेल्या किंवा आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. याच कारणाने ज्येष्ठांच्या फोनला आम्ही निव्वळ बोटाच्या ठशाचं लॉक ठेवत नाही. चार आकडी पिन, तोही त्यांच्या लक्षात राहील असा, पण जन्मसाल नको.

तुमचा जुना फोन मात्र त्यांना देऊ नका. तुम्हाला जो नकोसा झालाय, बॅटरी उतरलेली, मेमरी भरलेली, तो त्यांनी नव्याने शिकायचा? शिकणाऱ्याला चालता फोन लागतो.

हातात धरून बघा

वय वाढलं की बोटांची कातडी कोरडी होते, आणि कोरड्या बोटाला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. म्हणून माणसं जोर लावून, जास्त वेळ दाबून धरतात. आता फोनच्या लेखी थोडा वेळ दाबणं म्हणजे वेगळाच हुकूम. चिन्ह जागेवरून उचललं जातं, बोट जरा सरकलं की पडद्यावरून निघूनच जातं. 'हिरवं गायब झालं' ते असं. यावर दोन उपाय आहेत. सेटिंगमधल्या सुलभतेच्या विभागात दाबून धरण्याचा वेळ वाढवता येतो, आणि बऱ्याच फोनमध्ये होम स्क्रीनची मांडणी लॉक करता येते. काचेवर जाडजूड गार्डही लावू नका, त्याने टच आणखी मंदावतो. पातळ, चांगला गार्ड पुरे.

आता कान. उतारवयात आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून पाखरांची किलबिल किंवा बारीक घंटीची रिंगटोन कितीही मोठी केली तरी आईला शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. खर्जातली, जुन्या लँडलाइनसारखी रिंग लावा, सोबत व्हायब्रेशन चालू ठेवा. दुकानात आम्ही दुसऱ्या फोनवरून कॉल लावून दाखवतो. तेव्हा आईंनाच विचारा, नीट ऐकू येतंय का? उत्तर तुम्ही देऊ नका.

स्क्रीन मोठी हवी हे खरं, पण वजनही बघा. दोनशे ग्रॅमच्या वरचा फोन व्हिडिओ कॉलला धरून हात भरून येतो. अक्षरं मोठी करता येतातच. त्यासोबत खालची तीन बटणं चालू करा. बोट सरकवून मागे जायची नवी पद्धत वयस्कर माणसांना सहसा जमत नाही. मागे जाण्याचं बटण डोळ्यांना दिसलं की जीव भांड्यात पडतो.

टिकाऊ म्हणजे काय

बहुतेकांच्या मनात टिकाऊ म्हणजे पडला तरी न फुटणारा. तसा फोन आम्ही विकत नाही, कारण तसा फोन नसतो. कोपरे जाड असलेलं रबरी कव्हर आणि गळ्यात अडकवायची दोरी यांनी फोन जेवढा वाचतो, तेवढा महागड्या काचेने वाचत नाही.

बाथरूम, मोरी, पाऊस यांचा विचार करायचा तर आयपीचा (IP), म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा बघा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे उडालेल्या पाण्यापुरती हमी. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण आकडा काहीही असो, पाण्याने झालेला बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही, हे विकण्याआधीच सांगितलेलं बरं.

फोनचं खरं आयुष्य ठरतं अपडेटवर. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या फोनवरून बँकेचा व्यवहार करणं धोक्याचं. काही कंपन्या आता मध्यम किमतीलाही बरीच वर्षं अपडेट देतात. सॅमसंगने २०२४ च्या ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षं कबूल केली आहेत. तेव्हा "किती मेगापिक्सेल?" याआधी "अपडेट किती वर्षं?" असं विचारा. रॅम चार जीबीपेक्षा कमी नको, सहा असेल तर उत्तम. स्टोरेज १२८ जीबी, कारण 'शुभ सकाळ'चे फोटो बघता बघता फोन भरून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं आम्ही बंदच करून देतो. आणि त्या मॉडेलचा फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा पडदा, आणि बॅटरी तालुक्यात मिळते का, हे विचारायला विसरू नका. एका काचेसाठी फोन पंधरा दिवस पुण्याला पडून राहिला, तर आईने तोवर काय करायचं?

पहिला तास

आमच्याकडे फोन घेतलात तर पहिला तास आम्ही सोबत बसतो, त्याचे पैसे नाहीत. घरी करणार असाल तर असं करा. पडद्यावर सहाच चिन्हं ठेवा. नंबर फोटोसह आणि त्यांच्या तोंडच्या नावाने भरा, म्हणजे 'थोरला', 'सूनबाई', 'दूधवाला'. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डचा माइक दाखवा. त्याला मराठी बोललेलं कळतं. फोनची भाषा मराठी ठेवायची का, हे त्यांनाच विचारा. बऱ्याच जणांना 'सेटिंग' कळतं आणि त्याचं मराठी कळत नाही. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सहसा पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की ११२ ला मदतीचा कॉल लागतो. ही सोय आधी सेटिंगमध्ये तपासा, मगच त्यांना समजावून सांगा.

नंतर फोन त्यांच्या हातात द्या आणि आपले हात मागे बांधा. चुकू द्या. हातातून फोन ओढून "असं नाही, असं" म्हटलं की शिकणं तिथेच थांबतं.

फसवणुकीबद्दल

हे कृपया दोनदा वाचून दाखवा. भारताच्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असं काहीही नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला, कोर्टाचा शिक्का दाखवला, तरी फोन ठेवायचा आणि मुलाला लावायचा. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये याबद्दल सावध केलं होतं. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे जाण्यासाठी असतो. लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली आणि तिच्या नावाशेवटी 'एपीके' (.apk, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल) असेल तर उघडायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधून असं अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद आहे ना, हे आम्ही दुकानातच बघून देतो.

तरीही पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. लाजेपायी दोन दिवस गप्प राहिलं की पैसे पुढे कुठल्या कुठे जातात. त्या वेळी आई-वडिलांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथीच्या संकेतस्थळावर तो ब्लॉक करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. बिलावर आम्ही लिहून देतोच, बिल जपून ठेवा.

येताना

वडिलांना किंवा आईला घेऊन या, शक्यतो सकाळी, तेव्हा गर्दी कमी असते. बसायला खुर्ची आहे. त्यांचा जुना फोन आणा, नंबर त्यातूनच काढायचे असतात. कानाचं यंत्र असेल तर ते लावूनच या. आणि वाचायचा चष्मा विसरू नका, तो नसला तर अक्षरं किती मोठी ठेवायची तेच कळत नाही.