पंपिंग कमी आहे म्हणून झोपून राहू नका, खुर्ची ओढा

आपल्याकडे हार्ट फेल म्हणजे माणूस गेलाच असं समजतात, त्यामुळे मावशीच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदयाचं पंपिंग, ३० टक्के आलं आणि डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणाले तशी घरात रडारड सुरू. अहो, हृदय बंद नाही पडलेलं, पंप कमजोर झालाय. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर पडायला पाहिजे, तिचं ३० पडत होतं एवढंच. (काहींचं पंपिंग नीट असतं पण हृदय ताठर होतं, त्यांनाही धाप लागतेच.) मग काय, तिला पलंगावरून उठूच देईनात, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात.

आणि इथेच घोळ होतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला २० वर्षांच्या ५ धडधाकट पोरांना ३ आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर पन्नाशीतसुद्धा त्यांचा दम तेवढा घटला नव्हता जेवढा त्या ३ आठवड्यांत घटला होता! तिशीपेक्षा कमी वयाच्या पोरांची ही गत, मग सत्तरीच्या मावशीचं काय होणार.

गंमत म्हणजे नुसत्या ईएफवरून कोण किती चालेल हे नीट सांगता येत नाही. धाप लागते त्यात पायांचाही मोठा वाटा असतो, कारण या आजारात स्नायू झिजतात, मिळालेला ऑक्सिजन त्यांना धड वापरता येत नाही. व्यायामाने मुख्य फायदा होतो तो इथे, आहे त्याच रक्तातून स्नायू जास्त ऑक्सिजन ओढायला शिकतात, शिवाय पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. २००९ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात २३३१ पेशंट होते, तब्येत स्थिर असलेल्यांना व्यायाम सुरक्षित आहे हे त्यात दिसलं. तिथे भर चालण्यावर आणि सायकलवर होता म्हणा, पण ज्याला दारापर्यंत जाताना दम लागतो त्याने सुरुवात बसूनच करावी.

मावशीची खुर्ची लाकडी, हातांची, पाठ भिंतीला टेकवलेली (प्लास्टिकची फरशीवर सरकली होती, थोडक्यात वाचलो). आधी टाचा वर, मग चवडे वर, मग एकेक गुडघा सरळ करून तीन आकडे धरायचा, मग बसल्या बसल्या लेफ्ट-राइट. सुरुवातीला पाचच मिनिटं, तीही डॉक्टरांना विचारून. आकडे मोठ्याने मोजते म्हणजे श्वास रोखला जात नाही, श्वास धरून जोर लावला की बीपी एकदम उसळतं. नाडीवर जाऊ नका, बीटा ब्लॉकर या हृदयाच्या गोळीमुळे ती तशीही हळूच चालते, बोलता येतंय तोवर ठीक. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधडलं की लगेच थांबायचं. नवीन पेसमेकर असेल तर त्या बाजूचा हात किती वर न्यायचा हे आधी विचारा.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून ती कॅलेंडरवर लिहिते, दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी, त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. आता खुर्चीतून उठ-बस पाचवर आलीये, पण पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीमुळे एकदम उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते म्हणून खुर्चीचे हात अजून सोडत नाही.